परिचारिका पेशा का सोडतात?

अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाला लोक आजही ‘इर्विन’ म्हणतात आणि जिल्हा स्त्री रुग्णालयाला ‘डफरीन’. अकोल्याच्या स्त्री रुग्णालयाच्या नावात लेडी हार्डिंग आहेत. व्हाइसरॉय गेले, त्यांचे राज्यही गेले, परंतु ही नावे वऱ्हाडाच्या तोंडी बसली आहेत. लेडी डफरीन यांच्या नावाचा निधी १८८५ मध्ये स्थापन झाला, तेव्हा भारतीय स्त्रियांना स्त्रियांच्या हातून वैद्यकीय मदत मिळावी आणि त्यासाठी स्त्री डॉक्टर, परिचारिका व सुईणी शिकवून तयार कराव्यात, हे त्याचे उद्दिष्ट होते. या रुग्णालयांच्या मूळ कल्पनेतच परिचारिका आहे, ती मागाहून आलेली नाही. त्या परिचारिकेलाच आज या पेशात राहावेसे वाटत नाही, ही तक्रार वऱ्हाडात सर्वत्र ऐकू येते. तिची शहानिशा करण्याची वेळ आली आहे.

‘पेशा सोडणे’ या शब्दांत अनेक गोष्टी येतात. कोणी परिचारिका अमरावती सोडून पुण्या-मुंबईच्या मोठ्या खासगी रुग्णालयात जाते. कोणी आखातात किंवा युरोपात जाते. कोणी तलाठी, ग्रामसेवक किंवा लिपिकपदाच्या परीक्षांचा अभ्यास सुरू करते आणि निवड झाली की वॉर्डाकडे पाठ फिरवते. कोणी लग्नानंतर घरी बसते. तिचे नोंदणी-प्रमाणपत्र तेवढे ट्रंकेत राहते. पहिल्या दोघींची थोडीफार नोंद कोठे तरी होते. उरलेल्या दोघींची नोंद कोणीच ठेवत नाही. परिचर्या परिषदेच्या दप्तरी त्या परिचारिकाच असतात. प्रत्यक्षात रुग्णाच्या खाटेपाशी त्या पुन्हा कधी दिसत नाहीत.

याहून चमत्कारिक गोष्ट ही की, याच जिल्ह्यांत परिचर्या शिकविणाऱ्या संस्था वाढत गेल्या आहेत. कोरडवाहू कापसाच्या शेतीवर घर चालत नाही हे कळून चुकलेला बाप कर्ज काढून मुलीला जीएनएमला घालतो, कारण या शिक्षणानंतर नोकरी हमखास मिळते अशी समजूत आहे. एकीकडे शिकलेल्या मुली नोकरीविना आहेत आणि दुसरीकडे रुग्णालयांत जागा रिकाम्या आहेत. तेव्हा ‘परिचारिका मिळत नाहीत’ हे विधान अर्धसत्य होय. परिचारिका मिळतात, मात्र परिचारिका म्हणून सारे आयुष्य मानाने काढता येईल अशा जागा फार थोड्या आहेत. प्रश्नाचे मूळ येथे आहे.

या प्रश्नाला एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते. नव्या पिढीत सेवाभाव उरला नाही, असे ते उत्तर. ते देणाऱ्यांनी फेब्रुवारी २०२१ आठवून पाहावा. करोनाच्या दुसऱ्या लाटेची पहिली चाहूल महाराष्ट्राला याच भागात लागली. अमरावती व अकोल्यात रुग्णसंख्या झपाट्याने वाढली आणि २२ फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर ही शहरे पुन्हा टाळेबंदीत गेली. लोक घरात बसले होते तेव्हा या परिचारिका बंदिस्त पोशाखात तासन् तास घामाने भिजून वॉर्डांत उभ्या होत्या. नातेवाइकांनाही जेथे प्रवेश नव्हता तेथे मरणाऱ्याचा हात त्यांनी धरला होता. हा सेवाभाव नव्हता तर दुसरे काय होते? आणि लाट ओसरल्यावर, साथीपुरत्या नेमलेल्या त्यांच्यापैकी अनेकींच्या हाती काय पडले? सेवासमाप्तीचा आदेश. सेवाभाव आटला असेल तर तो कोणी आटविला, हे येथे वेगळे सांगावे लागू नये.

परिचारिकेच्या रोजच्या कामाचा हिशेब साध्या अंकगणिताने मांडता येतो. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा की, सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक आणि अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका असावी. शिवाय रजेपोटी तीस टक्के जादा. तीस खाटांचा एक वॉर्ड घेतला तर पाचास एक या प्रमाणाने सहा परिचारिका होतात. दिवसाच्या पाळ्या तीन, म्हणजे प्रत्येक पाळीला दोन. त्यांतील एकीची साप्ताहिक सुटी, एक बाळंतपणाच्या रजेवर आणि एक जागा रिकामी, असे धरले की रात्री त्या वॉर्डात एकच परिचारिका उरते. खाटा तीस असल्या तरी रुग्ण तीसच असतात असे नाही. पावसाळ्यात तापाची साथ आली की जमिनीवर गाद्या पडतात. निकष कागदावर पाळला तरी ही अवस्था होऊ शकते, मग तो न पाळल्यास काय होत असेल!

निकष न पाळण्याची वेळ येते ती केवळ रिकाम्या जागांमुळे नव्हे. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये आले आणि ‘सर्वोपचार’ रुग्णालयाला अध्यापन रुग्णालयाचे रूप मिळाले. अमरावतीला तसे महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. महाविद्यालय आले की अध्यापक आणि विद्यार्थी येतात, शस्त्रक्रिया वाढतात आणि बुलडाणा-वाशीमकडून येणारा रुग्णांचा ओघही वाढतो. निकष त्याच दिवशी पाचास एकवरून तीनास एक होतो. डॉक्टरांच्या पदांची मोजणी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या तपासणीसाठी कसोशीने होते, कारण पदे नसली तर मान्यता जाण्याची भीती असते. परिचारिकेच्या पदासाठी एवढा धाक कोणाला वाटत नाही. महाविद्यालयाच्या उद्घाटनाची कोनशिला बसते आणि वाढलेल्या कामाचा मोठा वाटा आधीच्याच परिचारिकांच्या अंगावर येऊन पडतो.

कामाचा बोजा माणूस एक वेळ सोसतो, पण उद्याची शाश्वती नसेल तर तो सोसवत नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्यातून नवजात बालकांच्या विशेष कक्षांपासून खेड्यातील उपकेंद्रांपर्यंत हजारो जागा निर्माण झाल्या, आणि त्या सगळ्या कंत्राटी. सुमारे अकरा महिन्यांचा करार, मध्ये नावापुरता खंड, पुन्हा करार. असे करीत अनेकींची दहा-पंधरा वर्षे गेली. शेजारच्या टेबलावर तेच काम करणारी कायम परिचारिका आणि ही कंत्राटी परिचारिका यांच्या पगारात जमीन-अस्मानाचा फरक. मे २०२२ च्या अखेरीस राज्यातील परिचारिकांनी बेमुदत संप केला, तेव्हा बाह्यस्रोतांकडून म्हणजे ठेकेदारांमार्फत परिचारिका भरण्यास त्यांचा मुख्य विरोध होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांनी संप केला. त्यानंतर, दहा वर्षे सेवा झालेल्यांना नियमित पदांवर सामावून घेण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला; आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना पुन्हा संपावर जावे लागले. एका निर्णयासाठी एक संप आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी दुसरा, ही रीत पाहिल्यावर तिशीतल्या परिचारिकेने तलाठ्याच्या परीक्षेचे पुस्तक उघडले तर तिला दोष कसा द्यावा?

खासगी क्षेत्राची कथा निराळी नाही. अमरावती व अकोला ही दोन्ही शहरे आता वैद्यकीय व्यवसायाची मोठी केंद्रे झाली आहेत. अकोल्यात रामदासपेठेच्या परिसरात फिरावे तर एका रुग्णालयाची पाटी संपण्यापूर्वी दुसऱ्याची सुरू होते. या रुग्णालयांतील परिचारिकेच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने परिचारिकेस शासकीय परिचारिकेइतके वेतन द्यावे; शंभर ते दोनशे खाटांच्या रुग्णालयात ते फार तर दहा टक्क्यांनी आणि पन्नास ते शंभर खाटांच्या रुग्णालयात फार तर पंचवीस टक्क्यांनी कमी असावे; आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी ते वीस हजार रुपयांखाली नसावे, अशी शिफारस त्या समितीने केली. केरळात परिचारिकांनी संघटितपणे लढा दिला आणि तेथील शासनाने एप्रिल २०१८ मध्ये खासगी रुग्णालयांसाठी वीस हजारांच्या किमान मूळ वेतनाची अधिसूचना काढली. आपल्याकडे ती शिफारस बव्हंशी शिफारसच राहिली. लहान रुग्णालयांत रीतसर शिकलेल्या मुलीला अर्धशिक्षित मदतनिसाच्या पगारात राबविले जाते, हे या शहरांतील उघड गुपित आहे. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता त्या पगारात भागत नाही आणि ज्या बापाने शेत गहाण टाकून तिला शिकविले त्याच्याकडे पुन्हा हात पसरण्याची पाळी तिच्यावर येते.

पगाराहूनही खोल जाणारी एक गोष्ट आहे. परिचारिकेवर जबाबदारी पूर्ण आहे, अधिकार मात्र नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अतिदक्षता विभाग जळाला आणि करोनाच्या रुग्णांचा बळी गेला. दोन्ही घटनांनंतर गुन्हे दाखल झाले आणि त्यांत त्या पाळीवर असलेल्या परिचारिकाही आरोपी झाल्या. कोणाचा कसूर किती हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे, त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु विजेच्या तारा, आग विझविण्याची यंत्रणा, पाळीवरील माणसांची संख्या यांपैकी एकही गोष्ट परिचारिकेच्या हाती नसते, हे राज्यातील प्रत्येक परिचारिकेला ठाऊक आहे. त्या दोन घटनांतून तिने जो अर्थ काढला तो असा, की इमारत कोणी का बांधली असेना, आळ आपल्यावर येईल.

हीच गोष्ट सुरक्षिततेची. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला. रात्री दीड वाजता दारू पिऊन आलेल्या जमावापुढे एकटी उभी राहणाऱ्या परिचारिकेला त्या कायद्याचा आधार सकाळी पोलीस आल्यावर मिळतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच अत्याचार झाला. पुढे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे, तेथील परिचारिकांनी पिढ्यान् पिढ्या त्यांची शुश्रूषा केली. सेवेचे याहून मोठे उदाहरण शोधून सापडणार नाही. पण त्या सेवेचे गोडवे गाताना, परिचारिकेने आपल्या कामाच्या जागी सुरक्षित असावे ही पहिली अट पुरी झाली नव्हती आणि आजही ती सर्वत्र पुरी झालेली नाही, हे विसरले जाते.

अमरावती जिल्ह्यात या सगळ्यांत मेळघाटची भर पडते. धारणी हे तालुक्याचे गाव अमरावतीहून दीडशे किलोमीटरच्या आसपास, वाट घाटाची आणि व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलातून जाणारी. कुपोषणाने होणारे बालमृत्यू १९९३ मध्ये गाजले आणि तेव्हापासून समित्या, मंत्र्यांचे दौरे व न्यायालयांचे आदेश यांची मेळघाटला कधी वाण पडली नाही. डोंगरी व आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा नियम आहे. त्या उपकेंद्रात राहून कोरकू बाईचे बाळंतपण करायचे, बाळाचे वजन घ्यायचे, लस द्यायची, भूमकाकडे निघालेल्या आईला समजावून दवाखान्यात आणायचे, हे काम अखेर परिचारिकेनेच करायचे असते. तिला राहायला दिलेल्या खोलीचे छत गळत असेल, पावसाळ्यात पुलावरून पाणी गेले की गावाचा संपर्क तुटत असेल, मुलांना शाळेसाठी परतवाड्याला ठेवावे लागत असेल, तर ती बदलीचा अर्ज करणारच. बदली मिळाली नाही तर ती नोकरी सोडील. कोरकू बोली शिकायला तिने दोन वर्षे खर्च केलेली असतात. ती गेली की तिच्या जागी येणाऱ्या मुलीला पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात करावी लागते, आणि या दोन वर्षांची किंमत एखाद्या बालकाला मोजावी लागते.

जगाला मात्र याच मुली हव्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका आहेत आणि ५८ लाखांची उणीव आहे. दर सात परिचारिकांमागे एक परदेशात जन्मलेली आहे. महाराष्ट्र शासनानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. दहा हजार तरुण पाठविण्याची ती योजना होती आणि तीत परिचारिकांचा समावेश होता. जर्मन भाषेच्या शिक्षणाचा खर्च शासन करणार होते. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मुलीला कोणी अडवू नये. घर सावरण्याचा तो तिचा हक्क आहे. परंतु धारणीच्या उपकेंद्रात टिकावी म्हणून तिच्यासाठी दुरुस्त निवासस्थान आणि कोरकूचा एक शिक्षक देऊ न शकणारे शासन तिला जर्मन शिकवायला तयार होते, या विसंगतीकडे डोळेझाक करता येत नाही.

यावर शासनाची बाजू अशी मांडली जाते की, तिजोरीवर वेतनाचा भार आधीच मोठा आहे, कायम पदे वाढविणे परवडणारे नाही. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण कंत्राटी परिचारिका स्वस्त पडते हा हिशेब अपुरा आहे. दोन वर्षांत नवजात बालकाच्या कक्षात तयार झालेली परिचारिका निघून गेली म्हणजे ते प्रशिक्षण वाया गेले. उरलेल्यांवर बोजा वाढला, त्यांतील आणखी एक गेली. अंगावरून काढलेली ही काटकसर अखेर रुग्णाच्या अंगावर जाते. दुसरा उपाय सुचविला जातो तो बंधपत्राचा: शिक्षण दिले, आता इतकी वर्षे सेवा करा, नाही तर रक्कम भरा. बंधपत्राने माणसाला दोन-तीन वर्षे अडवून ठेवता येते. मन रमवता येत नाही. शेवटच्या दिवसाकडे डोळे लावून बसलेली परिचारिका कागदावर असते, वॉर्डात नसते.

करायचे काय, हे अवघड नाही. वैद्यकीय महाविद्यालयाला मान्यता देताना परिचारिकांची पदे भरली आहेत की नाहीत याची तपासणी अध्यापकांच्या पदांइतकीच कडक व्हावी. दहा वर्षांची कंत्राटी सेवा नियमित करण्याचा जो निर्णय झाला आहे तो संपाची वाट न पाहता अमलात यावा. २०१६ च्या समितीच्या वेतनश्रेणी खासगी रुग्णालयांच्या नोंदणीच्या नूतनीकरणाशी जोडाव्यात, म्हणजे त्या शिफारशींना दात येतील. मेळघाटात तीन वर्षे राहणाऱ्या परिचारिकेस पुढची नेमणूक तिच्या पसंतीच्या ठिकाणी देण्याची लेखी हमी असावी. आणि बढतीचा जिना रुंद करावा. आज अधिपरिचारिका म्हणून लागलेल्या अनेकींची हयात परिसेविकेच्या पायरीपर्यंतच संपते. अतिदक्षता, बालशुश्रूषा, कर्करोग अशा शाखांत प्रावीण्य मिळविणाऱ्या परिचारिकेला खाटेपासून न हलताही वर चढता आले पाहिजे. आज वर चढायचे तर टेबलाशी बसावे लागते, आणि ज्यांचा हात रुग्णाला हवा तेच हात रजिस्टरे भरण्यात गुंततात.

वऱ्हाडात ‘सेवा’ हा शब्द स्वस्त नाही. दाजीसाहेब पटवर्धनांनी अमरावतीजवळ तपोवनात कुष्ठरुग्णांसाठी आयुष्य वेचले. शेणगावच्या गाडगेबाबांनी याच मुलखात खराटा हाती घेतला आणि १९५६ मध्ये अमरावतीजवळ देह ठेवला. त्यांच्या दशसूत्रीत रोग्यांना औषधोपचार आहे आणि बेकारांना रोजगारही आहे. एकाचे पुण्य मिळविण्यासाठी दुसऱ्यावर अन्याय करावा, असे त्या यादीत कोठेही नाही. परिचारिकेच्या सेवेची स्तुती दर वर्षी १२ मे रोजी, नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, रुग्णालयांत मेणबत्त्या लावून होते. त्या दिवशी व्यासपीठावर बसणाऱ्यांनी यंदा एवढेच करावे: आपल्या रुग्णालयात परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती आणि रात्री प्रत्येक वॉर्डात प्रत्यक्ष उभ्या किती, हे तीन आकडे भाषणाआधी वाचून दाखवावेत. समोर बसलेल्या मुलींपैकी किती जणी पुढच्या वर्षी तेथे असतील, हे त्या आकड्यांवरून श्रोत्यांना समजेल.